पानाखालची चिठ्ठी

(धाराशिव येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)





वनस्पतिशास्त्राच्या माणसाला मंचावर बोलावलं की श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. कोणत्या पाल्यानं साखर उतरते, कोणत्या मुळीनं गुडघे मोकळे होतात, ते त्यानं सांगावं. व्याख्यान संपलं की दोघे-तिघे पिशवीतून पाला काढतात आणि विचारतात, ‘सर, हे काय हाय?’ आज मी एकही औषध सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते कागदांविषयी. झाडं शोधत आशिया खंडभर हिंडलेल्या माणसांच्या रोजनिश्या, त्यांची घरी गेलेली पत्रं, आणि वाळलेल्या झाडाखाली चिकटवलेली हाताएवढी चिठ्ठी.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. कॉलेजात असताना श्रावणात आमची सहल येडशीच्या रामलिंगाला गेली होती. मी हौसेनं पंचवीसेक झाडं उपटली आणि जुन्या वर्तमानपत्रांत दाबून आणली. पावसाळ्यात नमुना वाळवणं हे चिकाटीचं काम असतं. फुलं येतात ती याच दिवसांत आणि वाळत काही नाही तेही याच दिवसांत. कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. मी ते सगळं केलं. महिन्यानं कडकडीत वाळलेला गठ्ठा सरांपुढे ठेवला. त्यांनी पहिलं पान उचललं आणि विचारलं, ‘कुठलं?’ म्हटलं, रामलिंगचं. ‘घाटातलं की ओढ्यातलं? कोणत्या तारखेचं? फूल कोणत्या रंगाचं होतं?’ फूल तोवर तपकिरी झालं होतं. मला आठवेना. सर म्हणाले, ‘चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे कडबा. जनावरापुढे टाक.’

त्यावेळी राग आला होता. पुढे कळलं की साऱ्या शास्त्राचा पाया त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. वाळलेल्या पानात झाडाचा आकार टिकतो, बाकी बरंच काही निघून जातं. रंग उडतो, वास उडतो. फांदी मोडल्यावर चीक आला का, झाड कमरेएवढं होतं की माडीएवढं, खाली मुरूम होता की काळी, शेजारी काय उगवलं होतं, हे कागदावरच्या फांदीवरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून संग्राहक रानात वही बाळगतो. प्रत्येक नमुन्याला क्रमांक देतो, तोच क्रमांक वहीत घालतो आणि दिवे लागणीला बसून आठवतं तेवढं लिहितो. वहीतला नेमका मजकूर पुढे चिठ्ठीवर उतरतो. वहीत न मावलेलं, म्हणजे ताप, भूक, घरची आठवण, हे पत्रात जातं. या तीन कागदांवर आपलं वनस्पतिज्ञान उभं आहे.

याची आपल्या किनाऱ्यावरची सर्वांत जुनी ठळक खूण गोव्यात आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथेच राहिला. इथल्या औषधी द्रव्यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. ते संवादरूप आहे. रुआनो नावाचा कल्पित पाहुणा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. युरोपातल्या जुन्या पोथ्या काय म्हणतात यापेक्षा इथल्या बाजारात आपण डोळ्यांनी काय पाहिलं, याला तो जास्त मान देतो. तो मूळचा ज्यू घराण्यातला. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर पसरलं होतं.

शंभरेक वर्षांनी कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे यानं मलबारातल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला. ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. पहिल्या खंडात एक पान आहे, ते तुम्ही-आम्ही वाचू शकतो, कारण त्याची लिपी नागरी आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ साली दिलेला तो दाखला आहे. झाडांची माहिती आम्ही दिली, असं ते तिथे सांगतात. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांचाही दाखला त्यात आहे. सांगणाऱ्यांची नावं ग्रंथाच्या दारातच, त्यांच्या त्यांच्या लिपीत छापणं, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती. पुढच्या दोनशे वर्षांतही ती दुर्मीळच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पत्रांकडे येऊ. पॅरिसच्या राजोद्यानानं १८२८ मध्ये व्हिक्टर जाकमाँ नावाच्या तरुणाला हिंदुस्थानात धाडलं. कलकत्ता, हिमालय, पंजाब, काश्मीर पालथं घालून राजपुताना आणि माळवा ओलांडत तो १८३२ च्या उन्हाळ्यात दख्खनेत उतरला. पुण्यात आजारी पडला, मुंबईत अंथरुणाला खिळला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला. मरणाच्या सहा दिवस आधी त्यानं भावाला, पोर्फिरला, शेवटचं पत्र लिहिलं. आपण जगणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. तरी ते पत्र आक्रोश करत नाही. परक्या मुलखात मित्रांनी किती जपलं, हे तो घरच्यांना समजावून सांगतो आणि स्वतःच्या थडग्यावर काय लिहावं तेही सांगून जातो. पुढच्याच वर्षी ही पत्रं पॅरिसला छापली गेली. जाकमाँचे नमुने अभ्यासकांच्या कपाटात गेले, त्याला साधा वाचक मिळवून दिला तो या पत्रांनी.

वनस्पतींचे शिकारी म्हटलं की जगाला हिमालयच आठवतो. जोसेफ हूकरला १८४९ मध्ये सिक्कीममध्ये कैद झाली, त्याच्या हिमालयातल्या रोजनिश्या १८५४ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. जॉर्ज फॉरेस्ट १९०५ मध्ये युन्नान-तिबेटच्या सीमेवर हल्ल्यातून कसाबसा निसटला, पण त्याचा हंगामाचा सगळा संग्रह गेला. या धाडसांमागे पैसाही होता. विलायतेतल्या श्रीमंत बागांना नव्या फुलझाडांचं वेड होतं, रोपवाटिका आणि बागवाले मिळून मोहिमांचा खर्च उचलत. ऱ्होडोडेंड्रॉनच्या बियांना बाजार होता. आपल्या कुसळी गवताला बाजार नव्हता. बालाघाटाच्या माळावर कोण कशाला येणार?

मुंबई इलाख्यात जे झालं ते बरंचसं नोकरी सांभाळून झालं. जॉन ग्रॅहॅम मुंबईच्या डाकखात्यातला अधिकारी. दुसऱ्यांची पत्रं पोचवायची हा त्याचा धंदा आणि झाडांच्या याद्या करायच्या हा त्याचा छंद. त्याची मुंबईच्या वनस्पतींची सूची १८३९ मध्ये छापायला गेली, आणि छपाई पुरी व्हायच्या आत तो खंडाळ्याला वारला. उरलेलं काम जोसेफ निमो या मित्रानं तडीस नेलं. सह्याद्रीत चौरा नावाचं पिवळ्या फुलांचं झाड असतं. त्याचं शास्त्रीय नाव एरिनोकार्पस निमोनाय. ग्रॅहॅमनं ते मित्राच्या नावावरून ठेवलं होतं.

अलेक्झांडर गिब्सन हा देवीची लस टोचत दख्खन-खानदेश हिंडलेला डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे आली, जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्यानं बाग केली. १८४७ मध्ये तो इलाख्याचा वनसंरक्षक झाला. जंगल तोडलं की झरे आटतात, हे तो सरकारला तेव्हा लिहून कळवत होता. दापोडीच्या बागेत त्यानं एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता एवढी नोंद आहे, नाव कुणी लिहिलं नाही. रंगभटांचं नाव नागरीत छापलं गेलं त्याला तेव्हा पावणेदोनशे वर्षं झाली होती.

आणि आता माझा आवडता भाग. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आजही महाराष्ट्रातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी तो उघडतो. त्यात प्रत्येक झाडाच्या वर्णनाखाली ते कुठे सापडलं आणि कुणी आणलं ते बारीक टायपात दिलं आहे. तिथे गावाच्या नावानंतर येतं: वुड्रो! कानिटकर! भिवा!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, साहेबाला भिवाचं एवढं कौतुक वाटावं! नंतर समजलं. आमच्या शास्त्रात नावापुढच्या उद्गारचिन्हाचा अर्थ ठरलेला आहे: हा नमुना मी स्वतः पाहिला आहे. भिवा हे नुसतं नाव. आडनाव नाही, हुद्दा नाही. तो कुठल्या गावचा, किती शिकलेला, घाटात दोर लावून उतरायचा की खाली उभा राहून काठीनं फांदी ओढायचा, हे पुस्तक सांगत नाही. त्याची रोजनिशी नाही, पत्र नाही. एका चिठ्ठीवर नाव राहिलं आणि ग्रंथकारानं त्यापुढे साक्षीचं चिन्ह दिलं, एवढ्यावर तो सव्वाशे वर्षं टिकला. एन. बी. रानडे यांचं नशीब थोडं बरं. सह्याद्रीतल्या सोनघंटा नावाच्या दुर्मीळ झुडपाला १८९४ मध्ये अब्युटिलॉन रानडेई हे नाव मिळालं, ते त्यांच्यावरून.

तर आता मूळ प्रश्न. या सगळ्यात आपला जिल्हा कुठे आहे?

कुठेच नाही. कुकचा ग्रंथ मुंबई इलाख्याचा होता आणि आपण निजामाच्या राज्यात होतो. सोलापूर, बार्शी इलाख्यात. येडशी, तुळजापूर, परंडा, कळंब हैदराबाद संस्थानात. बार्शीहून निघालेला संग्राहक घाटाखाली थांबत असे आणि तिथेच त्याचं पुस्तक संपत असे. कुसळीचं बी जनावराच्या अंगाला चिकटून सरहद्द ओलांडत होतं, पळस दोन्हीकडे सारखाच फुलत होता. पण छापील पानावर बार्शीकडच्या पळसाला पत्ता होता आणि आपल्या पळसाला नव्हता.

डोळस इंग्रज आपल्याकडे आला नाही असं मात्र नाही. १८५३ मध्ये निजामानं नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे सोपवला तेव्हा कर्नल मेडोज टेलर इथला कारभार बघायला आला. १८६० मध्ये मुलूख परत गेला. टेलरनं १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, त्यात आपलं तुळजापूर आहे. त्याचं आत्मचरित्र मरणानंतर १८७७ मध्ये आलं. पण त्याचा ओढा माणसांकडे, इतिहासाकडे, जुन्या दगडी थडग्यांकडे होता. गवताकडे बघणारा माणूस आपल्याला त्या शतकात लाभला नाही.

तो लाभला १९४८ च्या हैदराबाद मुक्तीनंतर बऱ्याच काळानं, आणि तो आपलाच होता. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले डॉ. व्ही. एन. नाईक यांचं ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं. १९९८ मध्ये त्यांनीच मराठवाड्याची वनस्पतिसंपदा दोन खंडांत पुरी केली. ग्रॅहॅमच्या सूचीनंतर बरोबर एकशेचाळीस वर्षांनी आपल्या माळावरच्या झाडांना छापील पत्ता मिळाला.

त्या पुस्तकाच्या नावातच एक गंमत आहे. १९७९ च्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर होतं, औसा होतं, निलंगा आणि उदगीरही होतं. लातूर वेगळं झालं ते १९८२ मध्ये. पुढे उस्मानाबादचं धाराशिव झालं. समजा, एखाद्या जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘उस्मानाबाद जिल्हा’ एवढंच लिहिलं असेल, तर आज ते झाड शोधायला जायचं कुठे? मांजरेच्या काठी की नळदुर्गच्या बोरीत? म्हणून गावाचं नाव लागतं, ओढ्याचं, टेकडीचं, जमल्यास शिवाराचं नाव लागतं. सरकारं जिल्हे पाडतात, जोडतात, नावं बदलतात. ओढा सहसा जागेवर असतो.

कुणी म्हणेल, झालं की मग. पुस्तक आलं, झाडांना नावं मिळाली, आता वह्या कशाला? याचं उत्तर तुमच्या बांधावर उभं आहे. गाजरगवत घ्या. त्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात ते प्रथम नजरेत भरलं आणि आज असा बांध नाही जिथे ते नाही. मी तुम्हाला विचारतो, तुमच्या गावात ते कोणत्या साली आलं? रस्त्याच्या खडीबरोबर की बियाण्याच्या पोत्यातून? ते आल्यावर कोणतं गवत मागे हटलं? ज्या म्हाताऱ्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं, ते ‘दुष्काळाच्या आधी’ किंवा ‘दुष्काळाच्या मागून’ असं सांगतात, तेही आता थोडे उरले आहेत. एका शाळामास्तराच्या वहीत तेव्हा एक ओळ असती, तर आज ती संशोधन निबंधात उद्धृत झाली असती.

हेच मारवेल आणि पवन्याचं. पडीक माळ सोयाबीनखाली गेला तेव्हा त्या माळावर काय काय होतं? फ्लोरा सांगतो की ही गवतं जिल्ह्यात आहेत. तुमच्या गायरानात ती शेवटची कधी दिसली, हे सांगायला गायरानाची रोजनिशीच लागेल. ब्लॅटर या स्विस पाद्र्यानं आणि मॅकॅन यांनी इलाख्यातल्या गवतांवर पुस्तक केलं, ते १९३५ मध्ये आलं. ब्लॅटर त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. ग्रॅहॅमचं पुस्तक निमोनं पुरं केलं, ब्लॅटरचं काम मॅकॅननं पुढे नेलं. रानाचं काम एका आयुष्यात मावत नाही, म्हणून वही दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहावी लागते.

मराठीत ही परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात आयुष्यभर वह्या भरत राहिले, आदिवासींना, पारध्यांना विचारून नावं टिपत राहिले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी मराठीला रानाचे शब्द दिले, त्या शब्दांच्या मुळाशी कुणीतरी झाडाखाली बसून सांगितलेलं आणि त्यांनी ऐकलेलं आहे.

आपल्याकडे सांगणारे अजून आहेत. खुरपायला जाणाऱ्या आया-मावश्यांना विचारा. तांदुळजा, कुर्डू, पाथरी, घोळ, केना, आघाडा: त्या ओळीनं नावं घेतील, आणि कोणती भाजी कोणत्या पावसानंतर येते तेही सांगतील. नमुन्याच्या छापील चिठ्ठीवर ‘स्थानिक नाव’ असा रकाना असतो. मी आजवर जे संग्रह पाहिले त्यांत तो रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. आणि ज्यानं नाव सांगितलं त्याच्यासाठी तर रकानाच नसतो.

आता एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि थांबतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावातल्या झाडाझुडपांची, पिकांची, जनावरांची, जाणकारांची नोंद तिच्यात करायची असते. कागदोपत्री ती पुष्कळ गावांत आहे. ३१ जानेवारी २०२० या मुदतीच्या धाकानं अनेक ठिकाणी ती घाईघाईनं भरली गेली. मी पाहिलेल्या काही वह्यांत डोंगरातल्या गावाची आणि नदीकाठच्या गावाची यादी शब्दशः सारखी होती. सरांच्या भाषेत सांगायचं तर तो कडबा आहे. पण वही आहे आणि कायद्यानं ती तुमच्या गावाची आहे.

तेव्हा तुम्हाला माझं मागणं एवढंच. आपल्या भागात येळवस असते. त्या अमावास्येला सारं गाव रानात असतं. कोपीत पूजा होते, भज्जी-आंबिलीची जेवणं होतात, शहरातली पोरंही त्या दिवशी शेतात येतात. जेवण झाल्यावर हात धुवा आणि तासभर बांधावरून चाला. बरोबर एक शाळकरी पोर घ्या आणि खुरपणाऱ्या एखाद्या मावशीला घ्या. जे दिसेल ते लिहा: तारीख, शिवाराचं नाव, झाडाचं तिथलं नाव, फुलाचा रंग. पुढच्या येळवशीला पुन्हा त्याच बांधावरून चाला. दहा वर्षांनी तुमच्या हातात अशी वही असेल जी कुठल्याही संग्रहालयात नाही. तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या नोंदवहीला जोडा.

लिहिताना दोन नियम पाळा. ज्यानं झाड दाखवलं त्याचं नाव आडनावासकट, गावासकट लिहा, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला ‘हा भिवा कोण?’ असं विचारत बसावं लागणार नाही. आणि झाड तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, तरच त्यापुढे उद्गारचिन्ह द्या.